आत्याला उठवणारी खुर्ची

होबाईने शेवटी त्या मोठ्या कंपनीला तोंडावर 'नाही' म्हटलं, आत्याने भरलेली पिशवी पुन्हा रिकामी केली आणि सगळ्यांचं भलं झालं.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य कृपया विसरावं. होबाई कोणाला नाही म्हणेल हे तिला ओळखणाऱ्या कोणालाही पटणार नाही, आणि आत्याची पिशवी तर माळ्यावर धूळ खात पडली आहे. तेव्हा नीट, पहिल्यापासून.

होबाई खुर्च्या करायची. लाकडाच्या, वेताने विणलेल्या बैठकीच्या, एका वेळी एक. दुकान तेच आणि कारखानाही तोच, आणि तो इतका अरुंद की लांब फळी फिरवायची तर तिचं एक टोक रस्त्यावर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला "जरा वाका हं" म्हणावं लागे. लोक वाकत. रोजचे लोक तर दुकान आलं की सवयीनेच वाकत, फळी असो वा नसो.

तिचं खरं नाव घरच्यांनाही जरा आठवून सांगावं लागे. समोरच्याचं विचारून पुरं व्हायच्या आत तिच्या तोंडून 'हो' निघून जाई, म्हणून सगळ्या गल्लीची ती होबाई. या एका अक्षरापायी ती जिथे राहत नव्हती त्या इमारतीच्या जिना-समितीची सचिव होती. गळा नसताना हौशी गायकांच्या मंडळात होती, मंडळाने एकदा चाचरत "तू नुसते ओठ हलवशील का?" असं विचारलं, तेव्हा त्यालाही ती हो म्हणाली. शेजाऱ्यांचं कासव तिच्याकडे 'दोनच दिवस' म्हणून आलं होतं. शेजारी केव्हाच गाव सोडून गेले. कासव होतं.

दुकानात तिच्याखेरीज दोन माणसं. एक वेतवाले काका. हे बैठका विणत आणि विणता विणता टोमणे मारत. दोन्हीत त्यांचा हात बसलेला होता. दुसरी आत्या.

आत्या वरच्या खोलीत राहायची आणि दुकानाचा चाचणी विभाग सांभाळायची. म्हणजे असं, की खुर्ची तयार झाली की जेवण उरकून ती खाली येई. खांद्यावर शाल, हातात चष्म्याची डबी, आणि चेहरा ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखा. खुर्चीत बसे, चष्मा डबीत घाली, शाल गुडघ्यांवर ओढी आणि काम सुरू करी. काम म्हणजे झोप. आत्याला डुलकी लागली की खुर्ची पास. नाही लागली की खुर्ची परत रंध्याखाली. जाग आली की ती अहवाल देई: "पाठ छान आहे, पण झोप डावीकडे कलते." किंवा, "हात उंच झालेत गं. स्वप्नात कोणाशी तरी भांडत होते." होबाई लगेच त्या हाताला कानस लावी. आत्या झोपल्याशिवाय त्या दुकानातून एकही खुर्ची बाहेर गेली नव्हती, आणि गिऱ्हाईक घाई करायला आलंच तर काका ओठांवर बोट ठेवून सांगत, "थांबा. तुमच्या खुर्चीत काम चाललंय."

अशा दुकानात एका सकाळी एक माणूस सवयीने न वाकता शिरला, त्यामुळे फळी त्याच्या कपाळाला लागली.

तो एका मोठ्या कंपनीतून आला होता. कंपनीची गावोगावी कॉफीची दुकानं होती, आणि हा तिथला हालचाल प्रमुख होता. हे पद असतं. त्याने कपाळ चोळत सांगितलं, "मॅडम, तुमची एक खुर्ची मी एका दवाखान्यात पाहिली. त्यातला माणूस नंबर पुकारला तरी उठत नव्हता."

"अय्या, थँक्यू," होबाई लाजून म्हणाली.

"तीच तर आमची अडचण आहे."

मग त्याने अडचण समजावून सांगितली. कंपनीच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, कॉफी घेतं आणि बसतं. बसतं ते बसतंच. कप रिकामा होतो, खुर्ची होत नाही. "आम्हाला अशी खुर्ची हवी, मॅडम, जी दिसायला अगदी 'या, बसा' असेल. आणि बसल्यावर जरा वेळाने माणसाला काहीतरी काम आठवेल. टोचायचं नाही हं. टोचलं की तक्रार येते. त्याला वाटलं पाहिजे, उठायचं आपल्याच मनात आलं."

"पण मग हे माझ्याकडे कशाला?"

"माणूस कशाने बसून राहतो हे ज्याला कळतं, त्यालाच तो कशाने उठेल हेही कळणार ना?" मग त्याने दोन्ही हात पसरले. गावोगावच्या सगळ्या दुकानांत तिच्याच खुर्च्या. शहराबाहेर कंपनीची मोठी शेड, वरून उजेड येणारी, यंत्रांसकट. "तिथे तुम्ही फळी गरागरा फिरवा. कोणालाही वाकावं लागणार नाही. कराल ना?"

'ना' त्याच्या तोंडातच होतं तेवढ्यात होबाई हो म्हणाली.

काकांनी वेत खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. त्या सकाळी दुकानात कपाळ धरलेली माणसं दोन झाली.

एवढं मात्र खरं, की या वेळी होबाईच्या 'हो'मध्ये नुसती सवय नव्हती. त्या उजेडाच्या शेडने तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. चांगल्या खुर्चीचं दुःख असं, की माणूस तिच्यात बसला की आधी तिलाच विसरतो. आजवर कोणी होबाईला येऊन म्हटलं नव्हतं की तुझा हात आम्हाला हवाय. हा म्हणत होता.

ती कामाला लागली. आणि लाज वाटावी इतकं ते काम तिला जमलं. बैठक पुढे झुकवली, पण डोळ्यांना दिसणार नाही इतकीच. पुढची कड गुडघ्यामागे हळूच लागेल अशी ठेवली. पाठीची आडवी पट्टी जिथे कंबर आधार शोधते तिथून जराशी खाली नेली. हात असे केले की कोपरं टेकल्यासारखी वाटावीत, पण टेकू नयेत.

"बैठकीला झोळ नको? अगदी ताणून विणू?" काकांनी विचारलं. "खुर्ची आहे की ढोल?"

"हो."

"अगं हो काय? दोनातलं एक निवड."

"म्हणजे, ताणून विणा, काका."

"विणतो. वेत काही मला जाब विचारणार नाही. तोंड नाही बिचाऱ्याला."

खुर्ची तयार झाली तेव्हा इतकी देखणी दिसत होती, की नुसतं बघून पाय दुखायला लागावेत. होबाई तिच्याभोवती दोनदा फिरली. आपल्याला एवढं वाईट करता येतं याचं तिला कौतुक वाटत होतं. आता राहिली चाचणी. नियम म्हणजे नियम. फक्त या वेळी निकाल उलटा लागायला हवा होता, आणि हे आत्याला आधी सांगून चालणार नव्हतं. आधी सांगितलं की झोप सावध होते.

दुपारी आत्या खाली आली. खुर्ची पाहून तिचे डोळे चमकले. "बाई बाई, काय रूप आहे!" ती बसली. चष्मा डबीत गेला. शाल गुडघ्यांवर आली. डोळे मिटले.

होबाई आणि काका श्वास रोखून उभे राहिले.

थोड्या वेळाने आत्याने डोळे उघडले. "गॅस बंद केला का मी?" असं म्हणत ती वर जाऊन आली. पुन्हा बसली, पुन्हा डोळे मिटले. मग तिला खिडकी आठवली. खिडकी लावून आली. मग कासवाला पाणी ठेवून आली. मग मात्र ती खुर्चीसमोर नुसतीच उभी राहिली, हाताने तिची पाठ चाचपली, खालची पट्टी चाचपली, बैठकीवर बोट वाजवलं. ठण्ण. तिने शालीची घडी घातली, "बरं," एवढंच म्हणाली आणि वर गेली.

"जमलं!" होबाईने टाळी वाजवली.

वरून माळ्यावरची पिशवी ओढल्याचा आवाज आला.

इथे त्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. तिथे महत्त्वाचं काहीही तोंडाने सांगत नसत. खुर्ची करून देत. होबाईच्या आजोबांनी आत्याच्या लग्नाला होकार दिला तो होणाऱ्या जावयाला रुंद हातांची खुर्ची देऊन. एक लांबचे मामा पाहुणे आले ते हलेचनात, तेव्हा आजोबांनी त्यांना स्टूल दिलं आणि रोज त्याचे पाय बोटभर कापले. मामा समजूतदार नव्हते. टेबल हनुवटीला लागलं तेव्हा कुठे गेले. आणि नवरा गेल्यावर आत्या एक पिशवी घेऊन भावाच्या दारात आली, तेव्हा होबाईच्या बाबांनी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. खिडकीपाशी एक बुटकी खुर्ची आणून ठेवली. पाय नेमके आत्याच्या उंचीचे. आत्याने ती बघितली आणि पिशवी माळ्यावर टाकली.

होबाई वर धावली तेव्हा आत्या साड्यांच्या घड्या पिशवीत घालत होती. चेहरा शांत.

"आत्या! हे काय चाललंय?"

"कळलं गं मला. एवढी काही मी खुळी नाही." आत्याने चष्म्याची डबी पिशवीच्या कोपऱ्यात सरकवली. "स्टूल नाही दिलंस, एवढी लाज राखलीस. सुंदर केलीयेस हो. तुझ्या आजोबांनासुद्धा इतकं नाजूकपणे 'निघा' म्हणता आलं नसतं."

"अगं, तुला नाही म्हटलं ते!"

"मग मी का तीनदा उठले?"

होबाईने जीभ चावली आणि सगळं सांगून टाकलं. कंपनी, कॉफी, शेड, उजेड, हालचाल प्रमुख. आत्याने हातातली साडी तशीच धरून ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्यासाठी नाही."

"नाही गं!"

"मग कोणासाठी?"

"कोणासाठीच नाही. म्हणजे, कोणासाठीही. येईल त्याच्यासाठी."

"ओळखीचा?"

"ओळखीचा कुठला? गिऱ्हाईक."

"म्हणजे ज्याने तुझं काही वाकडं केलं नाही," आत्या विचार करत म्हणाली, "पायपीट करून आलाय, जरा टेकावं म्हणतोय, त्याला तू कायम सांगत राहणार, ऊठ. तू झोपलेली असशील तेव्हाही सांगणार. बाप रे. मामाला तरी आपण एकट्यालाच सांगितलं होतं."

होबाई खिडकीपाशी बाबांनी केलेल्या बुटक्या खुर्चीत बसायला गेली, मग लाज वाटून जमिनीवरच बसली.

"तू जाऊ नको ना, आत्या."

"जात नाही लगेच. पण पिशवी भरलेलीच राहू दे दाराशी," आत्या म्हणाली. "ती खुर्ची घरात असेतो माझं मन काही स्वस्थ व्हायचं नाही. मला ऐकू येतं ती काय म्हणते ते."

म्हणजे आता नाही म्हणणं आलं. दुसऱ्या दिवशी होबाई काकांसमोर उभी राहिली. "काका, मला नाही म्हणायचा सराव हवाय. तुम्ही काहीतरी मागा."

काकांनी वेत भिजत घातला आणि शांतपणे विचारलं, "उद्या सुट्टी घेऊ?"

"घ्या. अरेच्चा! पुन्हा."

"बरं. तो रेडिओ घरी नेऊ?"

"न्या. अहो काका, असं काय करता, जरा कठीण विचारा ना."

"कठीण? परवाही सुट्टी घेऊ?"

दुपारपर्यंत काकांकडे सुट्ट्या, रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ आणि खिडकीजवळची कामाची जागा एवढं जमा झालं. "सराव चालू ठेव," ते म्हणाले. "माझी काही तक्रार नाही." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी घड्याळ परत टांगलं. सुट्ट्या ठेवल्या.

ठरल्या दिवशी हालचाल प्रमुख आला. या वेळी दारात वाकून आला. खुर्ची पाहताच तो बसला. होबाई पाठ केलेलं वाक्य तोंडात घोळवत उभी होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर आत्या पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"वा!" तो म्हणाला, आणि जरा वेळाने उठला. "एक फोन करायचा राहिला." फोन करून परत बसला. पुन्हा उठला. "गाडी नीट लावलीय ना, बघून येतो." आला, बसला, उठला आणि मग आनंदाने ओरडलाच, "मॅडम! मी उठतोय! मला माहीत असूनही मी उठतोय! तुम्हाला काही अडचण नाही ना?"

"नाही," होबाई म्हणाली. पण हे ते 'नाही' नव्हतं. हे वाया गेलेलं 'नाही' होतं.

"मग सही करून टाकू," तो म्हणाला आणि सही करायला बसला. आणि उठला. पेन शोधायला. पेन त्याच्या हातात होतं.

होबाई त्याच्याकडे बघत राहिली. नीट इस्त्री केलेला, दमलेला माणूस. बुटांच्या टाचा झिजलेल्या. हालचाल प्रमुख म्हटल्यावर झिजणारच. आपल्या दारात माणूस आलाय आणि मघापासून उभा आहे. बाबा असते तर त्यांनी आपल्याकडे एकदा पाहिलं असतं, बस, एकदाच. तिला ते सहन होईना. तिने कोपऱ्यातली एक साधी, पास झालेली खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली.

"अहो, किती वेळ उभे राहाल? या इथे बसा आधी. आणि ती खुर्ची मी देणार नाही. पाणी आणू?"

वाक्य बाहेर पडून गेलं तरी तिच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आणून दिलं ते जिन्यावरून पडलेल्या चष्म्याच्या डबीने.

"म्हणजे?" हालचाल प्रमुख बसत म्हणाला.

"म्हणजे नाही," होबाई म्हणाली. या वेळचं अगदी स्वच्छ होतं. तिलाच गंमत वाटली.

त्याला वाटलं, ही अडून बसलीये. त्याने शेड मोठी केली. ती नाही म्हणाली. त्याने शेडला बाग लावली. नाही. प्रत्येक खुर्चीखाली तिचं नाव कोरायचं कबूल केलं. हे मात्र तिला फार, फार हवं होतं. "माझं नाव," ती हळूच म्हणाली, "आणि वर लोक उठतायत. नाही हो. नको." चमत्कार असा, की आयुष्यभर 'हो' म्हणून जे कधी पदरात पडलं नव्हतं ते एकेका 'नाही'सरशी वाढत चाललं होतं, आणि ते घ्यायचं नाही हे एकदा ठरलं, की नुसतं ऐकायला मजा येत होती.

"आम्ही दुसरीकडून करून घेऊ," तो शेवटी म्हणाला.

"घ्या की. पण तिच्यात बसणाऱ्याला सांगू नका, मी केली म्हणून."

तो निघाला. म्हणजे निघतो म्हणाला. ती दुसरी खुर्ची त्याला सोडेना. बऱ्याच वेळाने तो उठला तेव्हा त्याचा चेहरा गाडी चुकलेल्या, पण त्याचं फारसं वाईट न वाटलेल्या माणसासारखा दिसत होता.

काकांनी त्या देखण्या खुर्चीची पट्टी वर चढवली, बैठक उसवून झोळ सोडून विणली. होबाईने पुढची कड रंध्याने उतरवली. आत्या बसली आणि संध्याकाळच्या चहालाही उठली नाही. अहवाल आला तो एवढाच: "आता माणसात आली." मग ती वर गेली, आणि साड्या पिशवीतून कपाटात गेल्या.

होबाईला मात्र नाहीची चटक लागली. त्याच आठवड्यात तिने जिना-समितीचा राजीनामा दिला. गायकमंडळात जाऊन सांगितलं की यापुढे ओठही हलवणार नाही. मंडळाने टाळ्या वाजवल्या. काकांच्या उरलेल्या सुट्ट्या परत मागितल्या. काका म्हणाले नाही. कासवाला मात्र ती नाही म्हणाली नाही, कारण कासवाने काही मागितलंच नव्हतं.

कंपनी बोलल्याप्रमाणे वागली. दुसरीकडून खुर्च्या करून घेतल्या आणि कॉफीचं नवं दुकान उघडलं, ते नेमकं होबाईच्या समोर. खुर्च्या झकास चालल्या. लोक आत जात, कॉफी घेत, बसत, आणि जरा वेळाने त्यांना काम आठवे. ते अर्धा भरलेला कप हातात घेऊन रस्त्यावर येत. तिथे आल्यावर कळे, की काम काहीच नाही. आणि समोर, जागा नाही म्हणून फुटपाथवर मांडलेल्या, होबाईच्या खुर्च्या.

"बघतो हं जरा," असं म्हणून ते बसत.

काही जण उठताना खुर्ची विकत घेत, कारण तिला तिथेच ठेवून जाणं त्यांच्या जिवावर येई. पुष्कळ जण उठतच नसत. गल्लीत वाकायची सवय मोडली, कारण बसलेल्यांना फळी लागतच नव्हती. गिऱ्हाइकं पळतात कुठे याचा अभ्यास करायला कंपनीने हालचाल प्रमुखाला पाठवलं. त्याने अभ्यासासाठी दाराजवळची खुर्ची निवडली. अभ्यास अजून चालू आहे.

अडचण आली ती चाचणी विभागाची. दुपारी आत्या शाल घेऊन खाली उतरली, तर बसायला एक खुर्ची रिकामी नाही. नवी, कालच विणलेली खुर्चीसुद्धा एका पोस्टमनने ताब्यात घेतलेली, आणि तो तिच्यात घोरत होता, म्हणजे रीतसर पाससुद्धा करून बसला होता.

"उठव त्याला," आत्या म्हणाली.

"नाही," होबाई म्हणाली.

आत्या खुदकन हसली, एवढी हसली की पोस्टमनने कूस बदलली. पण चाचणी विभाग म्हणून तिलाही काही पाऊल उचलणं भाग होतं. तिने एक जाड पुठ्ठा मागवला आणि उभ्याउभ्याच लिहून दारावर लावला:

"जाहीर विनंती. याद्वारे सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, विक्रीसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर 'बघतो जरा' या कारणास्तव आसनस्थ झालेल्या व्यक्तींनी आपली कॉफी संपल्यापासून वाजवी मुदतीत, स्वखुशीने व कोणीही न उठवता, उठावे. जेणेकरून या विभागास दुपारच्या कामकाजासाठी किमान एक खुर्ची उपलब्ध होऊ शकेल. ज्या व्यक्ती झोपेत असल्याने सदर विनंती वाचू शकत नाहीत, त्यांनी ती वाचून झाल्याचे कृपया तातडीने कळवावे. कळावे. चाचणी विभाग (सध्या उभा)."